मदत हवी आहे : काउंट डूकू पतित नायक की सरळ खलनायक?

स्टार वॉर्समधल्या डूकूवरून (जेडाय पंथ सोडून खलनायकांच्या सिथ पंथात गेलेला) मित्राशी वाद अडलाय. २००२ च्या चित्रपटात कैदेतल्या जेडाय योद्धा ओबी-वानला तो सांगतो की सिनेट सिथांचा म्होरक्या डार्थ सिडियसच्या मुठीत आहे, माझ्यासोबत ये, सिथना संपवू. माहिती खरी, पण सांगणारा स्वतःच सिडियसचा चेला! मित्राच्या मते तो मनापासून बोलत होता. मला ते निव्वळ गळाला लावणं वाटतं.

सगळे चित्रपट आणि 'टेल्स ऑफ द जेडाय' (२०२२) बघून झालंय. त्यात सिनेटच्या भ्रष्टाचारावरचा त्याचा संताप पटतो, पण जेडाय गुरू यॅडलला मारल्यावर माझी सहानुभूती संपते. डार्थ व्हेडर झालेल्या अनाकिनला निदान शेवटी परतीची वाट मिळाली. 'क्लोन वॉर्स' मालिका मात्र तुकड्यातुकड्यांत पाहिलीय. सिडियसच्या हुकमावरून डूकू आपली शिष्या व्हेंट्रेसचा घात करतो, तो भाग आठवतो.

कादंबऱ्या, कॉमिक्स नकोत. पडद्यावरचा पुरावाच चालेल असं आमचं ठरलंय. स्पॉयलर बिनधास्त द्या.

तर यॅडलच्या मृत्यूनंतर डूकूला पश्चात्ताप होतोय किंवा सिडियसला उलथवण्याची तो खरंच तयारी करतोय, असं 'क्लोन वॉर्स'च्या कुठल्या भागात दिसतं का? सीझन आणि भाग सांगाल?