काच फोडून नेलेल्या पिशवीत गाडीची दुसरी किल्ली होती. आता काय करावे?

गोडोलीकर, सातारा :

नमस्कार. गेल्या रविवारी वाढे फाट्याच्या बाजूला एका मंगल कार्यालयात भाच्याचे लग्न होते. आवारात जागा न उरल्यामुळे गाडी बाहेर सेवारस्त्यावर लावली. अक्षता पडल्या, दुसऱ्या पंगतीला जेवलो आणि तासाभराने बाहेर आलो, तर मागच्या डाव्या दाराची काच फुटलेली होती, सीटवर हरभऱ्याएवढ्या काचेच्या तुकड्यांचा सडा पडलेला होता आणि तिथे ठेवलेली सौ.ची पिशवी नाहीशी झालेली होती. रोख रक्कम फारशी नव्हती आणि दागिने अंगावरच होते. मात्र पिशवीत आहेराच्या दोन साड्या, वाचण्याचा चष्मा, घराचे वीजबिल आणि गाडीची दुसरी किल्ली होती. परतताना गाडी मुलगा चालवणार होता, म्हणून ती किल्ली बरोबर घेतली होती.

गाडी बटणाने चालू होणारी, २०२२ सालची आहे आणि मी ती मागच्या वर्षी वापरलेली विकत घेतली. घराच्या आवारात जागा नसल्याने ती रात्री फाटकाबाहेर उभी असते. म्हणजे ज्याच्या हाती पिशवी लागली त्याच्याकडे आता किल्लीही आहे आणि वीजबिलावरचा पत्ताही आहे. चोरीला गेलेली किल्ली निकामी करता येते का? ठाण्यात ‘सामान गहाळ झाल्याची नोंद करून घेऊ’ असे सांगत आहेत, ते मान्य करावे का? काच फुटूनही सायरन वाजला नाही, असे तिथला रखवालदार शपथेवर सांगतो. हे शक्य आहे का? शिवाय मुलाचे म्हणणे असे, की उरलेली किल्ली घरात असतानाही तिच्या लहरी पकडून गाडी नेता येते. यात तथ्य किती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शाहूपुरीची रहिवासी :

दादा, बाकीचे सगळे नंतर पाहा. आज रात्री गाडी फाटकाबाहेर ठेवू नका. एखाद्या नातेवाइकाच्या बंद आवारात किंवा रखवालदार असलेल्या इमारतीत ती उभी करा आणि जाताना स्टिअरिंगला आडवा लोखंडी दांडा लावा. किल्ली रद्द होईपर्यंत हा त्रास सोसावाच लागेल.

विश्रामबागकर, सांगली :

वाहनविम्याच्या नुकसान-पाहणीत मी बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून कागदपत्रांविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

‘गहाळ’ आणि ‘चोरीस गेले’ या दोन शब्दांत आपल्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. सिमकार्ड किंवा गुणपत्रिका हरवली तर गहाळ नोंद पुरते. आपल्या बाबतीत काच फोडून वस्तू उचललेली आहे, म्हणजे ती चोरी आहे आणि १ जुलै २०२४ पासून तिच्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ लागू आहे. तेव्हा नम्रपणे, पण ठामपणे गुन्हा नोंदवण्याचाच आग्रह धरावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र ती देणाऱ्याने तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. घटना कोणाच्या हद्दीत घडली, या मुद्द्यावर आपल्याला परत पाठवता येत नाही.

फिर्यादीत साड्या आणि चष्मा यांच्या बरोबरीने ‘अमुक क्रमांकाच्या वाहनाची दुसरी किल्ली’ हे शब्द स्पष्टपणे यायला हवेत. उद्या दुर्दैवाने गाडीच गेली, तर विमा कंपनी सर्वप्रथम दोन्ही किल्ल्या मागते. एकच किल्ली दिली की ‘दुसरी कुठे आहे, ती गाडीत राहिली होती का’ असा प्रश्न येतो आणि निष्काळजीपणाचा ठपका ठेवून दावा कापला किंवा नाकारला जातो. त्या वेळी आजच्या तारखेची फिर्याद हेच आपले उत्तर असेल. तिची प्रत आणि किल्ली चोरीस गेल्याचे एक साधे पत्र विमा कंपनीला याच आठवड्यात ईमेलने पाठवून पोच जपून ठेवावी. गाडी चोरीला गेल्यावर पोलिसांकडे लगेच फिर्याद दिलेली असेल, तर विमा कंपनीला कळवण्यास झालेला उशीर एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही त्या निकालाच्या भरवशावर आळस करू नये. निकाल आपल्या बाजूने असला, तरी तो दाखवण्यासाठी ग्राहक आयोगाच्या पायऱ्या आपल्यालाच झिजवाव्या लागतात.

आता काचेविषयी. काचेचा दावा करण्यापूर्वी हिशेब मांडून पाहावा. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीत दाव्यातले पहिले १००० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाच्या मोटारीत २००० रुपये मालकालाच भरावे लागतात. शिवाय दावा केला की ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. तो पहिल्या विनादावा वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत चढतो. मागच्या दाराच्या एका काचेसाठी तो गमावणे मला तरी परवडणारे वाटत नाही. बोनस सुरक्षित ठेवणारी जोड (जादा हप्ता भरून घेतलेले वाढीव संरक्षण) आपल्या पॉलिसीत असेल, तर गोष्ट वेगळी. साड्या आणि चष्मा यांची भरपाई मूळ वाहन पॉलिसीत मिळत नाही. किल्ली बदलण्याची जोड घेतलेली असल्यास मात्र किल्ली आणि कुलपांचा खर्च मागता येईल. पॉलिसीचे शेवटचे पान बहुतेक जण वाचत नाहीत. ते आधी वाचावे.

वायरिंगवाला, मिरज :

काका, तुमच्या चारही प्रश्नांपैकी तांत्रिक असलेल्या तिघांची उत्तरे देतो. मोटारींच्या वायरिंगचे काम रोजचेच आहे.

किल्ली निकामी करता येते. तुमच्या किल्लीत दोन गोष्टी एकत्र आहेत. एक इलेक्ट्रॉनिक ओळख, जिची नोंद गाडीच्या इमोबिलायझरमध्ये, म्हणजे परक्या किल्लीने इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेत असते. आणि दुसरे म्हणजे आत लपवलेले पोलादी पाते, जे किल्लीचा सेल संपला तर चालकाचे दार उघडण्यासाठी दिलेले असते. स्कॅनर जोडून इमोबिलायझरमधल्या साऱ्या नोंदी पुसतात आणि समोर हजर असलेल्या किल्ल्या नव्याने शिकवतात. जी किल्ली त्या वेळी हजर नाही, ती गाडीसाठी परकी होते. तिने इंजिन चालू होत नाही आणि तिची बटणेही चालत नाहीत. म्हणून जाताना उरलेली किल्ली विसरू नका आणि काम सुरू होण्यापूर्वी व संपल्यानंतर नोंदलेल्या किल्ल्यांचा आकडा पडद्यावर स्वतः पाहून घ्या. पात्याला मात्र स्कॅनर काही करू शकत नाही. ते दार उघडतच राहणार, म्हणून चालकाच्या दाराचा कुलपाचा नळा बदलून घ्या. हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करा, असे मी स्वतः गॅरेजवाला असूनही सांगतो, कारण तिथले जॉबकार्ड विश्रामबागकर साहेबांनी सांगितलेल्या कागदांत उपयोगी पडेल.

रखवालदार खोटे बोलत नसावा. कंपनीकडून येणारा सायरन बहुतेक गाड्यांत दार, डिकी किंवा बॉनेट उघडले गेले का, एवढेच पाहतो. चोराने काच फोडली, हात आत घालून पिशवी उचलली आणि दाराला स्पर्शही केला नाही, तर सायरनच्या दृष्टीने काहीच घडलेले नाही. धक्का ओळखणारा सेन्सर वेगळा बसवून मिळतो. तो फार संवेदनशील ठेवला, तर सुगीच्या दिवसांत उसाचा ट्रॅक्टर शेजारून गेला तरी गाडी बोंब मारते आणि आठ दिवसांत मालकच वैतागून तो बंद करतो, हा अनुभव आहे.

मुलाचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. तुम्ही दाराच्या मुठीवरचे बटण दाबता, तेव्हा गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झची क्षीण हाक देते. ती मीटर-दीड मीटरच्या पलीकडे पोहोचत नाही, म्हणूनच किल्ली खिशात असेल तरच गाडी उघडते. किल्ली ती हाक ऐकून ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते आणि ते उत्तर बरेच लांबपर्यंत जाते. चोर दोघे असतात. एक गाडीजवळ उभा राहून तिची हाक टिपतो आणि दुसरा तुमच्या दिवाणखान्याच्या भिंतीबाहेर मोठा अँटेना धरून तीच हाक किल्लीला ऐकवतो. यात कुठलेही गुप्त संकेत फोडावे लागत नाहीत. निरोप्याने निरोप पोहोचवावा, इतकेच घडते. एकदा इंजिन चालू झाले, की किल्ली दूर गेल्याचा इशारा येतो, पण सुरक्षिततेसाठी इंजिन बंद पडत नाही. नव्या काही गाड्यांत अल्ट्रा वाइडबँड पद्धत आली आहे. ती लहरीला जाऊन येण्यास लागलेला वेळ मोजते आणि लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटरच जात असल्याने लांबचा फेरा तिथे उघडा पडतो. तुमच्या गाडीत ही सोय असण्याची शक्यता कमी.

उपाय स्वस्त आहे. घरात किल्ली ठेवायला धातूचे अस्तर असलेली पिशवी मिळते. ती लहरी अडवते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा बिस्किटांचा डबाही बहुधा चालतो. मात्र ‘बहुधा’वर थांबू नका. किल्ली डब्यात घालून डबा दाराच्या मुठीला टेकवा आणि मुठीवरचे बटण दाबा. दार उघडले, तर तो डबा बिस्किटांनाच परत द्या. पिशवीचे अस्तर घडीवर झिजते, म्हणून ही परीक्षा दर दोन-तीन महिन्यांनी घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट, जी पिशवीने थांबत नाही. स्टिअरिंगखाली ओबीडीचे, म्हणजे बिघाड तपासायचा स्कॅनर जोडण्याचे, सॉकेट असते. काच फोडून आत शिरलेला जाणकार चोर तिथे यंत्र जोडून नवी किल्ली नोंदवू शकतो. त्यावर धातूचे कुलूपबंद झाकण बसते. लंडनमध्ये तर २०२२ मध्ये इयान टेबर या सायबर सुरक्षा संशोधकाचीच गाडी पुढच्या दिव्याजवळची वायर गाठून, खोटे संदेश गाडीच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक जाळ्यात घुसवून नेली गेली. हे वाचून झोप उडवून घेऊ नका. सांगायचे एवढेच, की इलेक्ट्रॉनिक उपायांच्या जोडीला एक ओबडधोबड लोखंडी अडथळा असावाच. गिअर लॉक किंवा स्टिअरिंगचा दांडा कापायला वेळ लागतो आणि आवाज होतो. पेट्रोल पंपाची वायर तोडून चोरबटण बसवून देणारे पुष्कळ भेटतील. कच्च्या जोडामुळे रस्त्यात बंद पडलेल्या आणि एकदा तर वायर जळालेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत, म्हणून वॉरंटीतल्या गाडीला मी ते करत नाही.

शाहूपुरीची रहिवासी :

वरची माहिती उत्तम आहे, पण मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. अँटेना घेऊन येणारे चोर आपल्याकडे येतील तेव्हा येतील. आज साताऱ्यात सीटवर दिसणारी पिशवी हेच काच फुटण्याचे कारण आहे. काळी फिल्म लावून सामान लपवावे, तर बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आत गेलाच पाहिजे असा नियम आहे. मग सामान डिकीत ठेवायचे, आणि तेही निघतानाच. कासला किंवा ठोसेघरला पोहोचल्यावर वाहनतळावर डिकी उघडून त्यात पर्स ठेवणारे लोक मी नेहमी पाहते. पाहणारी मी एकटीच असते असे नाही.

दुसरे असे, की चोराला कधी काच फोडावीही लागत नाही. दोन वर्षांपूर्वी पोवई नाक्याजवळ बँकेतून पैसे काढून मी गाडीत बसले, तेव्हा एका मुलाने ‘मॅडम, इंजिनातून ऑइल गळतंय’ म्हणून काचेवर टकटक केले. खरोखरच चाकाजवळ काळा ओघळ होता. मी बॉनेटपाशी गेले, तेवढ्यात दुसऱ्या बाजूचे दार उघडून कोणीतरी पर्स नेली. तो ओघळ त्यांनीच आधी ओतून ठेवलेला होता. त्यावेळी गाडीची किल्ली माझ्या मुठीत होती आणि चारही दारांची कुलपे उघडी होती. आता कोणीही काहीही गळतंय म्हटले, तरी मी काच खाली करत नाही आणि सरळ पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाते.

गोडोलीकर, सातारा :

सर्वांचे मनापासून आभार. त्या रात्री गाडी मेहुण्यांच्या इमारतीच्या तळघरात ठेवली. दुसऱ्या दिवशी फिर्यादीचा मसुदा घरूनच लिहून नेला. त्यातला ‘दुसरी किल्ली’ हा उल्लेख वाचल्यावर साहेबांनी गहाळ नोंदीचा विषय सोडला आणि चोरीचा गुन्हा नोंदवला. प्रत विमा कंपनीला पाठवली आहे. काच स्वखर्चाने बसवली, कारण माझा बोनस ३५ टक्क्यांवर आहे.

घरातला पहिला डबा परीक्षेत नापास झाला. दार टणकन उघडले. चकल्यांचा जुना, जाड पत्र्याचा, दाबून बसणाऱ्या झाकणाचा डबा उत्तीर्ण झाला आणि सौ.ने तो नाइलाजाने दिला.

वायरिंगवाले दादांनी सांगितल्याप्रमाणे सर्व्हिस सेंटरमध्ये काम सुरू होण्यापूर्वी पडद्यावरचा आकडा दाखवायला सांगितला. माझ्या हिशेबाने तो २ यायला हवा होता. तो ३ आला. तंत्रज्ञाने दुसऱ्यांदा स्कॅनर जोडून पाहिला, तरी ३च. आता साऱ्या नोंदी पुसून माझ्याकडची एक आणि नवी घेतलेली एक अशा दोनच किल्ल्या नोंदवल्या आहेत आणि दाराचे कुलूपही बदलले आहे. संध्याकाळी आधीच्या मालकांना फोन केला. त्यांनी मोकळेपणाने सांगितले, की एकदा किल्ली हरवली म्हणून त्यांनी नवी करून घेतली होती. जुनी नंतर सापडली का, हे त्यांना आता आठवत नाही.