मदत हवी आहे: एफएफएमपेग सोर्समधून टाकलं, आता ॲप्टला दाद देत नाही

डेबियन १२ हे लिनक्स वापरतो. त्यात ॲप्टने (प्रोग्राम टाकणारा-काढणारा पॅकेज मॅनेजर) एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओ रूपांतराच्या साधनाची ५.१ आवृत्ती मिळते, मला ६.० हवं होतं. म्हटलं त्यात काय एवढं! सोर्स (मूळ कोड) उतरवला, कॉन्फिगर, मेक (बिल्ड), सुडो (ॲडमिनच्या हक्काने) मेक इन्स्टॉल. मध्ये कॉन्फिगर ‘नॅझम (असेंब्ली कोड बिल्ड करणारं साधन) सापडत नाही’ म्हणून अडलं, तर त्यानेच सुचवलेला ‘डिसेबल एक्स८६एएसएम’ हा पर्याय दिला. त्याच ओळीत ते ‘लंगडं बिल्ड होईल’ असंही बजावत होतं, पण पुढे सरकल्याच्या आनंदात ते मनावर घेतलं नाही.

आता माझी रोजची स्क्रिप्ट ‘अननोन एन्कोडर लिबएक्स२६४’ (एच.२६४ व्हिडिओ बनवणारी लायब्ररीच नाही) म्हणून थांबते. बाकीची रूपांतरंही रडतखडत होतात. वैतागून ॲप्टने पॅकेज काढून पुन्हा टाकलं. ॲप्ट म्हणतं सगळं ठीक, पण आवृत्ती विचारली की उत्तर ६.० च! हे उपटून कसं काढू? सोर्सचा फोल्डर पुसून बसलोय.

प्रतिसाद १

ॲप्ट खोटं बोलत नाहीये. त्याने स्वतः टाकलेल्या फायलींचीच नोंद त्याच्याकडे असते. तुमच्या मेक इन्स्टॉलने सगळं /यूएसआर/लोकल मध्ये नेऊन ठेवलं, त्याची नोंद कुठेच नाही. पाथमध्ये (कमांड ज्या फोल्डरांत क्रमाने शोधली जाते त्या यादीत) /यूएसआर/लोकल/बिन आधी येतं, म्हणून हाकेला तुमचंच ओ देतं. ‘विच -ए एफएफएमपेग’ करा, दोन्ही दिसतील.

एक्स२६४ आपोआप येत नाही. लिबएक्स२६४-डेव्ह हे पॅकेज लागतं आणि कॉन्फिगरला ‘एनेबल-जीपीएल’, ‘एनेबल-लिबएक्स२६४’ सांगावं लागतं. /यूएसआर/बिन मधल्या एफएफएमपेगला पूर्ण पत्ता देऊन आवृत्ती विचारा, डेबियनवाल्यांनी दिलेले पर्याय ‘कॉन्फिगरेशन’च्या ओळीत दिसतील. केवढी लांबलचक ओळ आहे बघा. पॅकेज मॅनेजर वापरताना हे कष्ट कोणीतरी आपल्यासाठी उपसलेले असतात. संथपणा नॅझम टाळल्यामुळे: हाताने लिहिलेला वेगवान असेंब्ली कोडच वगळला गेला.

काढण्यासाठी तोच ६.० चा सोर्स पुन्हा उतरवा, तसंच कॉन्फिगर करा आणि सुडो मेक अनइन्स्टॉल. ६.० हवंच असेल तर पुढच्या वेळी कॉन्फिगरच्या ‘प्रिफिक्स’ (कुठे टाकायचं) या पर्यायाला होममधला एखादा फोल्डर द्या. सुडो लागत नाही, नको झालं की फोल्डर पुसायचा. मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या की पुन्हा बिल्ड करणं तुमच्याच गळ्यात. ६.० मधलं नेमकं काय हवंय?

धागाकर्ता

अनइन्स्टॉल झालं, पण आता बॅश (टर्मिनलमधलं कमांड घेणारं शेल) म्हणतं /यूएसआर/लोकल/बिन/एफएफएमपेग नावाची फाईलच नाही. ॲप्टवालं गेलं कुठे?

(आणि नेमकं काही नको होतं. नवं आलेलं दिसलं, राहवलं नाही.)

प्रतिसाद १

कुठे जातंय! बॅशने जुना पत्ता लक्षात ठेवलाय. ‘हॅश -आर’ करा किंवा नवं टर्मिनल उघडा.

धागाकर्ता

५.१ परत आलं, स्क्रिप्ट चालली. आभार.