कोथरूडमधलं स्वस्त चार्जिंग

सोसायटी पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडीसाठी चार्जिंग पॉइंट देत नाही, मग पुण्यात कोथरूडमध्ये स्वस्त सार्वजनिक चार्जर कुठे, असं एकाने विचारलंय. चार्जर शोधायच्या ॲपवर नुसता युनिटचा दर पाहू नका. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि काही ठिकाणी चार्ज झालेली गाडी तशीच उभी ठेवली तर वेगळा आकार. त्या चार्जरवर शेवटचं चार्जिंग कधी झालं तेही ॲपवर बघून निघा, म्हणजे बंद चार्जरसमोर ताटकळायला नको. फास्ट चार्जरवर बॅटरी ८० टक्के भरल्यानंतर वेग फार पडतो, मागचा माणूस उगाच खोळंबतो.

पण खरं सांगू? सोसायटीचा पिच्छा सोडू नका. पार्किंगमधल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर लावलेली गाडी बहुतेक वेळा स्वस्तच पडते. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित नियमांनुसार चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. महावितरणकडे लेखी अर्ज कराच.