मदत हवी आहे: भाचीच्या कुरळ्या केसांचा गुंता

नणंदेची लेक सुट्टीसाठी कोथरूडला आमच्याकडे आली आहे. वडील केनियाचे, त्यामुळे केस घट्ट स्प्रिंगसारखे. कोरड्या केसांत फणी घातली की तुटतात, म्हणून ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून, भाग पाडून, आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर सोडवत जाते. तरी मानेजवळ, जिथे उशी घासते, तिथे बारीक गाठी राहतातच; जरा ओढलं की पोरगी कळवळते. (सासूबाईंचं एकच, "तेल चोपड आणि घट्ट वेणी घाल." तेलाने नुसते चकाकतात, आत कोरडेच!) त्या गाठी कशा सोडवता? सॅटिनचा अभ्रा तुळशीबागेत मिळेल का? आणि स्ट्रेटनिंगचा आग्रह न धरणारी, असे केस हाताळलेली पार्लरवाली कुणाच्या माहितीत आहे का?