बाराव्या दिवशी लायनिंग 6.4 मिमी. ट्रान्सफर पुढे ढकलायची का?

प्रश्न
फ्रोजन ट्रान्सफरसाठी (गोठवलेला गर्भ गर्भाशयात सोडण्यासाठी) पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून एस्ट्राडिओल व्हॅलरेट (एस्ट्रोजेनची गोळी) 2 मिग्रॅ, दिवसातून तीनदा चालू आहे. आज बारावा दिवस. गर्भाशयाचं अस्तर, म्हणजे लायनिंग, 6.4 मिमी, ट्रिपल लाइन (सोनोग्राफीत अस्तराच्या तीन रेघा) दिसते. डॉक्टरांनी चार दिवसांनी परत बोलावलंय. ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवसांचा गर्भ) एकच आहे, त्यामुळे धाकधूक होते. 7 च्या खाली ट्रान्सफर करतच नाहीत का? तोवर गोळ्या वाढवू का?

उत्तर 1
ताई, 7 ही लक्ष्मणरेषा नाही. त्याखाली यशाचं प्रमाण हळूहळू उतरतं, एकदम शून्यावर येत नाही. शिवाय मोजणाऱ्याचा हात बदलला की मिलिमीटरभर फरक सहज पडतो. गर्भाशय उभ्या छेदात सरळ धरून, अस्तर सर्वांत जाड असेल तिथे, एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजतात. आत पाणी असेल तर ते वजा करतात. म्हणून पुढची सोनोग्राफी शक्यतो त्याच डॉक्टरांकडे, योनीमार्गातूनच करा. ट्रिपल लाइन आहे ही चांगली खूण आहे.

उत्तर 2
गोळ्या स्वतःहून अजिबात वाढवू नका. एस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. एका पायाला सूज, पोटरीत दुखणं किंवा धाप जाणवली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. डोस पुरत नसेल तर डॉक्टर मार्ग बदलतात: गोळी योनीमार्गातून किंवा त्वचेवर पॅच. तोंडाने घेतलेलं औषध आधी यकृतातून जातं, तिथे बरंचसं खर्ची पडतं.

चार दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. गर्भ रुजण्याचं घड्याळ प्रोजेस्टेरॉन (अस्तर गर्भ रुजण्यासाठी तयार करणारं संप्रेरक) सुरू होतं तेव्हा चालू होतं. एस्ट्रोजेन आठवडाभर लांबलं तरी चालतं. फक्त मधेच स्वतःचं बीज फुटलं नाही ना, हे बघायला प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी करून घ्या. ते आधीच वाढलेलं असेल तर अस्तर कितीही जाड असो, वेळ चुकते. ब्लास्टोसिस्ट साधारणपणे प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी सोडतात.

प्रश्नकर्ती
सांगायचं राहिलं, पूर्वी क्युरेटिंग (गर्भाशय आतून खरवडून साफ करणं) झालंय आणि तेव्हापासून पाळीत रक्तस्राव कमी होतो.

उत्तर 3
मग हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आजच डॉक्टरांना कळवा. क्युरेटिंगनंतर आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. जिथून अस्तर वाढतं तो तळाचा थरच खरवडला गेला असेल, तर औषधाला प्रतिसाद द्यायला तिथे काही उरत नाही. सोनोग्राफीत हे सुटू शकतं. हिस्टरोस्कोपीत दुर्बिणीने थेट दिसतं आणि चिकटलेला भाग तेव्हाच सोडवता येतो. जननेंद्रियांचा क्षयरोग आणि अस्तराची जुनी सूज यांसाठी तुकडाही तेव्हाच तपासायला पाठवता येतो.

सोळाव्या दिवशीही आकडा हलला नाही तर हे चक्र सोडून आधी हिस्टरोस्कोपी करावी, असं माझं मत. गर्भ गोठवलेला आहे, दोन-तीन महिन्यांनी त्याचं काही बिघडत नाही. पाळी नियमित असेल तर पुढच्या वेळी नैसर्गिक चक्राचंही विचारा. काहींचं अस्तर स्वतःच्या बीजकोशाच्या एस्ट्रोजेनवर जास्त छान वाढतं.

उत्तर 4
अस्तर वाढवायला सिल्डेनाफिल (रक्तप्रवाह वाढवणारं औषध), पीआरपी (स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्स), जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं औषध) सुचवलं तर नेमकं कशासाठी ते विचारून घ्या. पुरावा अजून तोकडा आहे आणि चिकटलेल्या भिंती त्याने सुटत नाहीत. प्रोजेस्टेरॉन सुरू झाल्यावर मात्र परत जाडी मोजायला जाऊ नका. तेव्हा अस्तर घट्ट होतं, ट्रिपल लाइन पुसली जाते, आणि ते तसंच व्हायला हवं.