जिगला ब्लेड लावलंय, पण हळू ओढलं की फिरतच नाही

नाशिकरोडकर:
मंडळी, दारणा नदीवर मासे धरायला मी ७ ग्रॅमचा जिग (शिशाचं डोकं असलेला गळ) आणि पांढरी रबरी शेपटी वापरतो. पाणी अजून लाल-गढूळ आहे, त्यामुळे जिग माशाला दिसतच नसावा. म्हणून सेफ्टीपिनच्या आकाराची तार अडकवून तिला विलोलीफ ब्लेड, म्हणजे ओढलं की फिरणारं धातूचं पातं, लावलं. जोरात ओढलं की मस्त फिरतं, हळू ओढलं की नुसतं लोंबतं. मरळ आणि शिवडा हे दोन्ही मासे डोक्यात आहेत. कुठलं ब्लेड घेऊ? आणि दोरीला पीळ पडतो म्हणतात, ते खरं का?

तांबटआळीचा काका:
अरे, ब्लेड बिघडलेलं नाही, जात चुकलीय. विलोलीफ लांबट असतं, तारेला चिकटून फिरतं आणि फिरायला त्याला वेग लागतो. चकाकी भरपूर, पाण्याला धक्का कमी. गढुळात चकाकी बघणार कोण? तिथं कोलोराडो जातीचं ब्लेड लाव. ते जवळपास गोल असतं, तारेपासून चांगलं फाकून फिरतं, सावकाश ओढलं तरी. ठोके थेट रॉडमध्ये जाणवतात, आणि माशालाही अंगावरच्या पार्श्वरेषेनं (पाण्यातली थरथर ओळखणाऱ्या रेघेनं) ते कळतात, डोळ्यांचं काम पडत नाही. शिवाय गोल पातं जिगला उचलून धरतं, म्हणून हळू ओढताना तो लगेच दगडांत बसत नाही. तुझ्या वजनाला रुपयाच्या नाण्याएवढं पुरे. त्याहून मोठं लावलंस तर जिग वरच तरंगत येईल.

पण नवीन ब्लेड घ्यायच्या आधी स्विव्हल, म्हणजे पातं तारेला जोडणारी फिरती कडी, तपास. तार हातात धर, पातं मोकळं लोंबू दे आणि हळूच फुंकर मार. गरकन फिरलं तर ठीक. अडखळलं तर आत वाळू गेलीय किंवा माल हलका आहे. बॉल बेअरिंगवालं घाल, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. सगळे ब्लेडच्या रंगावर तासभर वाद घालतात, स्विव्हलकडे कोणी बघत नाही!

मी पाती घरीच करतो. भांड्यांच्या कारागिराकडून पितळी पत्र्याची कातरण आणायची, गोल कापायची, लाकडाच्या खळग्यात ठोकून वाटी द्यायची आणि वरून बारीक मठार (हातोडीचे जवळजवळ ठोके) मारायचा. मठारलेल्या पात्यावरून उजेड एका जागी न पडता तुकड्या-तुकड्यांनी उडतो. काळं पडलं की चिंच लावून घासायचं. गढुळाला पितळीच बरं. गंगापूर धरणाचं पाणी निवळलं की मग चंदेरी काढ, तेव्हा तुझं विलोलीफही कामाला येईल.

ओझरचा गळवाला:
काका बरोबर बोलले. पिळाचं म्हणाल तर सेफ्टीपिन पद्धतीत फारसा पडत नाही, खाली जिगचं वजन असल्यामुळे सगळं आमिष गरगरत नाही. सरळ दांड्याच्या स्पिनरला (ज्यात पातं दांड्याभोवतीच फिरतं) पडतो, तिथं पुढे आणखी एक स्विव्हल हवं.

मरळीबाबत मात्र माझं मत वेगळं. मरळ वनस्पतीत दडते आणि उघड्या गळाचा जिग तिथं दर वेळी शेवाळच घेऊन येतो. तिथं रबरी बेडूक टाका. जिग-ब्लेड शिवड्यासाठी, मोकळ्या खोल पाण्यात, तळापासून थोडं वर. त्याच्या बारीक दातांनी दोरी खरवडते, तेव्हा पुढे जाड लीडर (आमिषाजवळचा दोरीचा मजबूत तुकडा) हवाच.

नाशिकरोडकर:
भारी! फुंकर मारून पाहिली, पातं हललंसुद्धा नाही. नांदूरमधमेश्वरला गेलं तर?

तांबटआळीचा काका:
तिकडे गळ अजिबात नको. ते अभयारण्य आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. दुर्बीण घेऊन जा खुशाल. धरणावरही मासेमारीचा ठेका बहुतेक सहकारी संस्थेकडे असतो, आधी त्यांना विचार. आणि पावसाळ्यात काठाशी लालसर पिल्लांचा घोळका उकळल्यासारखा दिसला तर तिथं टाकू नकोस, खाली मरळ राखणीला असते.

पितळी पातं एक देतो तुला. स्विव्हल तुझं तू आण.