बी-४०२ च्या एल्मची पानं गळतायत

मानसी (बी-४०२): सुप्रभात मंडळी. शनिवारी लग्नाच्या वाढदिवसाला यांनी बोन्साय आणलं. नर्सरीवाला म्हणाला, ‘चायनीज एल्म आहे, वीस वर्षांचं.’ हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलंय. कालपासून पानं पिवळी पडून गळतायत, आज सकाळी टीपॉयवर मोजून २३ मिळाली. कुणाला यातलं कळतं का?

मानसी (बी-४०२): (फोटो)

निखिल (बी-२०४): चायनीज माल, वहिनी. बिल जपून ठेवलंय ना?

वैशाली (ए-५०३): मानसी, राग मानू नकोस, पण बोन्साय घरात ठेवत नाहीत. घरातल्यांची प्रगती खुंटते म्हणतात.

प्रभाकर काका (सी-३०३): पाणी जास्त झालंय. आठ दिवस पाणी बंद कर. पिवळं पान म्हणजे जास्त पाणी, साधा नियम आहे.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना विनंती, उद्या बुधवारी टाक्यांची सफाई आहे. सकाळी ११ ते दुपारी ४ पाणी बंद राहील.

सुलभा मावशी (ए-१०१): काका, थांबा जरा. मानसी, पाणी बंद करू नकोस आणि वाढवूही नकोस. फोटो लांबून काढलायस, त्यात टीव्हीच जास्त दिसतोय. एक पान तळहातावर ठेवून जवळून काढ. बुंध्याचाही काढ, मातीपाशी.

प्रभाकर काका (सी-३०३): एल्म म्हणजे आपला वावळाच ना? आमच्या गावी नदीकाठी होते. उन्हाळ्यात कागदासारख्या चकत्या उडायच्या, आतलं बी आम्ही खायचो.

सुलभा मावशी (ए-१०१): काका, वावळ एल्मच्याच कुळातला, इंग्रजीत त्याला इंडियन एल्मच म्हणतात. पण हा तो नव्हे. वावळाचं पान चांगलं बोटभर लांब, कड सरळ, चुरगळलं की उग्र वास. चायनीज एल्मचं पान दीड-दोन इंचांच्या वर सहसा जात नाही, कुंडीत तर नखाएवढं होतं, आणि कडेला करवतीसारखे दाते.

मानसी (बी-४०२): (फोटो) (फोटो)
दाते आहेत मावशी! आणि देठापाशी पानाची एक बाजू वर, एक खाली. कुणीतरी वाकडं कापल्यासारखी.

सुलभा मावशी (ए-१०१): मग एल्मच. देठाशी असं तिरकं बसलेलं पान ही या कुळाची मोठी खूण. कारमोना नावाचं दुसरं झाड आहे, तेही एल्म म्हणून खपवतात कधीकधी. पण त्याचं पान चकचकीत, वर पांढरे बारीक ठिपके, दाते फक्त टोकाला. बुंध्याची साल पापुद्रे सुटल्यासारखी दिसतेय आणि खाली नारिंगी चट्टे आहेत, तो रोग नाही. चायनीज एल्मची साल अशीच सुटते, लोक त्यासाठीच घेतात.

मानसी (बी-४०२): हुश्श. मी कालच त्या चट्ट्यांवर हळद लावणार होते.

निखिल (बी-२०४): 😂

सुलभा मावशी (ए-१०१): आता जिवंत आहे का ते बघू. जी फांदी सगळ्यात उघडी पडलीय तिच्यावर नखाने अगदी हलकं खरवड, तिळाएवढंच. आतून काय रंग येतो?

मानसी (बी-४०२): हिरवा! ओला हिरवा. एका बारीक काडीवर मात्र तपकिरी, ती कट्कन मोडली.

सुलभा मावशी (ए-१०१): मोडली ती गेली, बाकी झाड ठणठणीत. एल्मला जागा बदललेली आवडत नाही. नर्सरीत शेडनेटखाली बाहेर होतं, तिथून तू थेट एसीच्या झोतात आणलंस. थोडी पानं टाकणारच. आता पाण्याचं सांग. कसं घालता?

मानसी (बी-४०२): हे रोज सकाळी एक ग्लास घालतात. खालच्या बशीत लगेच उतरतं. वर पांढरे खडे आहेत छान.

सुलभा मावशी (ए-१०१): खडे बोटाने हलवून बघ.

मानसी (बी-४०२): हलत नाहीत. चिकटवलेत??

सुलभा मावशी (ए-१०१): वाटलंच मला. प्रवासात सांडू नयेत म्हणून डिंकाने चिकटवतात. घरी नेल्यावर काढा, असं कुणी सांगत नाही. आता आईस्क्रीमची काडी घे, कडेला एका ठिकाणी चीर पाडून मातीत दोन इंच खोच, पाच मिनिटं ठेव. मग तशीच बुंध्याजवळ. दोन्ही वेळचं सांग.

मानसी (बी-४०२): कडेची काडी ओली, काळी झाली. बुंध्याजवळची कोरडी आली!! केक झाला का बघायला खुपसलेली सुरी निघावी तशी कोरडी. हे कसं? रोज पाणी घालतोय ना?

सुलभा मावशी (ए-१०१): पाणी खड्यांवरून घरंगळतं, कडेच्या फटीतून खाली बशीत. मधला मुळांचा गोळा घट्ट चिकणमातीचा, एकदा पूर्ण वाळला की वरून घातलेलं पाणी आत घेतच नाही. बशी भरलेली दिसते म्हणून तुम्हाला वाटतं भरपूर झालं. काका, आठ दिवस पाणी बंद केलं असतं तर आपण आज चर्चा नसती केली, श्रद्धांजली वाहिली असती.

प्रभाकर काका (सी-३०३): मान्य. पण नियम साधारणपणे बरोबर होता.

सुलभा मावशी (ए-१०१): साधारणपणे. 😄

सुलभा मावशी (ए-१०१): मानसी, कामाला लाग. जुन्या स्क्रू ड्रायव्हरने खडे उचकट, मुळं ओरबाडू नकोस. मग कुंडी बादलीत बुडव, पाणी काठाच्या वर दोन बोटं. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेव, दहा-पंधरा मिनिटं. बाहेर काढून निथळू दे. बशी काढूनच टाक. उद्यापासून ग्लास नाही, झारी. वरची माती कोरडी वाटली की खालून पाणी येईपर्यंत घालायचं, नाही वाटली तर त्या दिवशी सुट्टी. रोज सकाळचा ग्लास हा नेम देवाला चालतो, झाडाला नाही.

वैशाली (ए-५०३): आणि ठेवायचं कुठे? हॉलमध्ये?

सुलभा मावशी (ए-१०१): नाही गं, बाहेरच. हे घरातलं झाडच नव्हे. पूर्वेची बाल्कनी, सकाळचं तीन-चार तास ऊन, दुपारचं नको. तुझ्या प्रगतीचा प्रश्नही सुटला.

वैशाली (ए-५०३): 🙏 बरं झालं.

कौस्तुभ (सी-१०२): मला मात्र हा प्रकार छळच वाटतो. १५ मीटर होणाऱ्या झाडाला बशीत कोंबायचं.

सुलभा मावशी (ए-१०१): कौस्तुभ, वाद मोठा आहे, चहाला ये. माझ्याकडचा पिंपळ तीस वर्षं कुंडीत आहे, दर चैत्रात तांबूस पालवी फुटते. उपाशी झाड असं फुटत नाही.

मानसी (बी-४०२): मावशी, मी युट्यूबवर पाहिलं, नवीन झाड आणलं की लगेच कुंडी आणि माती बदलायची. आज बदलू का? गांडूळखतही आहे घरात.

सुलभा मावशी (ए-१०१): हात शिवशिवतायत का? अज्जिबात नको. आता जून लागलाय, झाड आधीच बावचळलंय, मुळं छाटलीस तर गेलंच. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, नवे डोळे फुगायला लागले की मी येईन तुझ्याकडे. तेव्हा विटांचे चाळलेले तुकडे, जाड वाळू, थोडं गांडूळखत असं मिश्रण करू. तोवर खतही नाही. नवी कोवळी पानं पक्की झाल्यावर महिन्यातून एकदा, अगदी पातळ.

मानसी (बी-४०२): आणि कापणी? एक फांदी वेडीवाकडी वर गेलीय.

सुलभा मावशी (ए-१०१): जाऊ दे. या पावसाळ्यात फांद्यांना लांबू दे, पानंच झाडाला ताकद देणार. सहा-सात पानांची फांदी झाली की दोन पानांवर काप, ते ऑगस्टनंतर. आणि फांद्यांना वळण द्यायला गुंडाळतात त्या तारा तर लावूच नकोस, पावसाळ्यात बुंधा-फांद्या इतक्या झपाट्याने जाडावतात की तार सालीत रुतते. वरच्या वळणावर जुने तिरपे वळ दिसतायत ना? ती तार कुणीतरी वेळेत काढली नाही.

मानसी (बी-४०२): हो! मला वाटलं डिझाइन आहे.

सुलभा मावशी (ए-१०१): खरं सांगू? झाड बाजारी आहे. ही नागमोडी ‘एस’ वळणाची झाडं चीनमध्ये हजारांनी करतात. मुळं एकाच बाजूला आहेत, दुसरी बाजू उघडी. वीस वर्षं वगैरे सोड, जमिनीत लावलं की मनगटाएवढा बुंधा पुष्कळ लवकर होतो. पण फांद्या खालपासून आहेत, बुंधा वर निमुळता होतोय, म्हणजे काम करायला जागा आहे. यांना म्हणावं, पैसे वाया नाही गेले, थोडे जास्त गेले.

मानसी (बी-४०२): हे ग्रुपवर आहेत मावशी. वाचतायत.

सुलभा मावशी (ए-१०१): मग त्यांनाच बादली उचलायला सांग. आणि एक, पांढऱ्या कागदावर फांदी टिचकी मारून झटक. लाल-तांबूस ठिपके चालायला लागले तर ती लाल कोळी नावाची कीड. एसीच्या कोरड्या हवेत फार होतो.

मानसी (बी-४०२): दोन ठिपके. एक चालतोय. ईईई.

सुलभा मावशी (ए-१०१): दोनच ना, घाबरू नकोस. पानांची मागची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने रोज धुऊन काढ. आठ दिवसांनी उरलेच तर संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, पातळ करून. कडक औषध घालू नकोस, एल्म काही कीटकनाशकांनी सगळी पानं टाकतो. पावसाची झड लागली की कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकव. कलती राहिली की पाणी साचत नाही.

मानसी (बी-४०२): (फोटो)
खडे निघाले. बादलीत ठेवलंय. सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे येतायत, मुलगा मोजतोय.

सेक्रेटरी: पुन्हा आठवण, उद्या ११ ते ४ पाणी नाही. झाडांसाठी वेगळा ग्रुप काढावा ही विनंती.

मानसी (बी-४०२): अय्या, उद्या पाणी नाही! मावशी, मग काय करू?

सुलभा मावशी (ए-१०१): आज बुडवलंयस, उद्या ते मागणारच नाही. तुम्हाला प्यायला भरून ठेव.